अर्ध्या तासाचं काम आणि त्याआधीचे चार तास

नमस्कार भाऊ,

काटोलच्या संत्र्याच्या पिकअपवर मी लिहिलं होतं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. बॉडी कंट्रोल मॉड्यूल (बीसीएम, म्हणजे गाडीचे दिवे, वायपर, लॉक सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. नागपूरजवळच्या वाडीच्या तुमच्या मिस्त्रीनं भंगारातलं मॉड्यूल लावून ते साडेतीन हजारांत करून दिलं. तीन महिने झाले, गाडी धावते आहे, "फक्त किलोमीटरचा आकडा लुकलुकतो". मी मात्र गाडीमालकाला चार तास बसवून ठेवलं, नुसता व्होल्ट मोजायचा मीटर लावायचे बाराशे रुपये घेतले आणि कोडिंगचा (नव्या मॉड्यूलला गाडीची माहिती भरण्याचा) बाऊ करून लोकांना शोरूमच्या दारात ढकलतो. शेवटी तुम्ही लिहिलंय, "गरिबाच्या गाडीवर प्रयोग करू नका."

हे शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. 'मॉड्यूल गेलं तर शोरूमशिवाय गत्यंतर नाही' असं वाक्य माझ्या लेखात होतं. ते चूक होतं, काढून टाकलं आहे. ज्याच्याकडे त्या गाडीचं कोडिंग करू शकणारा स्कॅनर आहे असा बाहेरचा माणूसही हे काम करतो. बोर्डावरची एखादीच चिप जळाली असेल तर ती बदलून देणारे इलेक्ट्रॉनिक्सचे कारागीरही आहेत. आणि हो, अर्धा तास मलाही मान्य आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, एअरबॅग असेल तर दहा मिनिटं थांबायचं, डॅशबोर्डखालचं पॅनल, दोन नट, कपलरची (वायरिंगच्या जोडाची) लॉक. हात बसलेला माणूस वीस मिनिटांत मॉड्यूल बाहेर काढतो. ते काढायचं की नाही, हे ठरवायला चार तास लागले.

त्या पिकअपचा उजवा इंडिकेटर दिला की वायपर एक झटका मारायचा. हेडलाइट लावले की सेंट्रल लॉक कडकड वाजायचं. उजवा लो बीम तर लागतच नव्हता. मालक आले ते हेच सांगत, "भाऊ, बीसीएम गेलं म्हणून राहिले सगळे, तुम्ही फक्त टाकून द्या." दोन ठिकाणी हेच ऐकून आले होते आणि दोन्ही ठिकाणी कुणी मीटर लावला नव्हता.

गाडीला हात लावण्याआधी मी तीन प्रश्न विचारतो. पुढची काच बदलली का? गाडीवर वेल्डिंग झालं का? बॅटरी उतरली तेव्हा ट्रकवरून जंप दिला का? वाडीच्या माणसाला तिसरा प्रश्न विचारायलाच हवा. तिथे हाताशी ट्रकच उभा असतो, तो चोवीस व्होल्टचा आणि आपली पिकअप बारा व्होल्टची. वेल्डिंगचंही तसंच. कॅरेट जास्त बसावेत म्हणून मागची जाळी वाढवून घेतात, वेल्डर बॅटरी न सोडताच अर्थचा चिमटा मिळेल त्या पत्र्याला लावतो आणि तो करंट मॉड्यूलमधून वाट काढू शकतो. या मालकांनी वेल्डिंग केलं नव्हतं, जंपही दिला नव्हता. काच मात्र मागच्या वर्षी दगड लागून फुटली होती, ती रस्त्याच्या कडेला बसवून घेतली होती.

बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे ठीक. मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन मॉड्यूलच्या कपलरमागून अर्थच्या वायरला आणि हेडलाइट, पार्किंग, वायपर सगळं चालू. इथे आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. मला १.४ दिसला. मॉड्यूल ज्याला शून्य समजून बाकी सगळं मोजतं, ते शून्यच १.४ व्होल्टनं वर चढलेलं. बऱ्याच गाड्यांत वायपरच्या दांडीवरचा स्विच एकाच वायरवर कमीजास्त व्होल्टेज पाठवतो आणि त्यावरून मॉड्यूल ठरवतं की हा एक झटका मागतोय, हा स्लो, हा फास्ट. शून्य सरकलं की हे वाचन चुकतं. इंडिकेटरबरोबर वायपर उडत होता तो यामुळे.

अर्थची वायर पकडून खाली गेलो. क्लीनरच्या बाजूला पायाजवळचं प्लास्टिक काढलं. थिंबलवर (वायरच्या टोकाला दाबलेल्या, नटाखाली बसणाऱ्या कडीवर) हिरवट-पांढरा थर होता, बोट लावलं की पूड पडत होती. खालचा पत्रा गंजून फुगलेला. वायरिंगचं बंडल वर काचेच्या कोपऱ्यापर्यंत जात होतं आणि त्याच्या काळ्या टेपवर वाळलेल्या गढूळ पाण्याची रेघ वरपासून खालपर्यंत स्पष्ट होती. कोपऱ्यात सिलंट बोटभर सुटलेलं. म्हणजे अख्खा पावसाळा पाणी त्या बंडलावरून ओघळत थेट अर्थच्या नटावर येत होतं.

पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपरनं घासला, नवीन थिंबल दाबलं, वरून ग्रीस लावलं. आकडा ०.०४ वर आला. वायपरचा झटका गेला, लॉकची कडकड गेली. मालक आत बसून इंडिकेटर लावत राहिले, सात-आठ वेळा तरी. दोन महिन्यांचा त्रास एका नटाखाली होता, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

उजवा लो बीम मात्र मेलेलाच होता. स्कॅनरवर मॉड्यूलचा हुकूम 'चालू' दिसत होता. बल्ब चांगला, वायर अखंड, मॉड्यूलला येणारा सप्लाय पूर्ण, आणि आउटपुटच्या पिनवर शून्य. तेव्हा कुठे मी म्हणालो की मॉड्यूल बदलावं लागेल. पण ते का गेलं हे कळल्याशिवाय नवीन टाकायला मी तयार नव्हतो. हेडलाइटचा बल्ब काढून पाहिला तर १००/९० वॉटचा, रिले नसताना सरळ कंपनीच्या वायरिंगवर लावलेला. कंपनीचा ६०/५५ चा असतो, यातला दुसरा आकडा लो बीमचा. पंचावन्न वॉटला साडेचार अँपिअरच्या आसपास लागतात, नव्वदला साडेसात. मॉड्यूलमधली चिप जास्त तापली की स्वतःला बंद करते, निवली की पुन्हा चालू होते. काटोलहून रात्री निघून पहाटे नागपूरच्या कळमना बाजारात लिलावासाठी पोचायचं, असा आंबिया बहाराचा अख्खा हंगाम ती रोज अशी भाजून निघाली.

आता सांगा, पहिल्याच दिवशी मॉड्यूल टाकलं असतं तर? नव्या मॉड्यूललाही तोच गंजका अर्थ मिळाला असता, तेच नव्वद वॉट आणि काचेतून येणारं तेच पाणी. म्हणून बाराशे रुपये मी चार तासांचे घेतले, आणि मीटरवरचा प्रत्येक आकडा मालकांना दाखवून घेतले.

भाऊ, आपल्याकडे हातात पार्ट दिसला की माणूस मुकाट्यानं पैसे काढतो. शोधण्याचे मागितले की विचारतो, "केलं काय तुम्ही?" मग मिस्त्रीनं तरी काय करावं? चार तास फुकट मीटर धरण्यापेक्षा तो पार्ट टाकतो, त्यात त्याची रोजी सुटते. तुमच्या मिस्त्रीला मी नावं ठेवत नाही. सुरुवातीची काही वर्षं मीही असंच काम केलं. एका बाईंच्या स्कूलव्हॅनचं मॉड्यूल मी असंच बदललं आणि बिघाड निघाला सरकत्या दाराच्या वायरमध्ये, रोज वाकून वाकून आतून तुटलेल्या. पैसे परत केले, पण तिचे दोन दिवस बुडाले, पोरांचे पालक तिला बोलले, ते मी कसं परत करणार होतो? 'प्रयोग' हा शब्द मला लागला तो या व्हॅनमुळे. न तपासता पार्ट टाकणं हाच माझ्या लेखी गरिबाच्या गाडीवरचा प्रयोग आहे.

आता भंगारातलं मॉड्यूल. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते तुम्हीही पाहिलं असेल. पाण्यात बुडालेल्या गाड्यांचे सुटे भाग कुठे ना कुठे विकले जातातच. असं मॉड्यूल पुसून ठेवलं की बाहेरून कोरं दिसतं. स्टिकरच्या कडा फुगल्यात का, स्क्रूच्या खाचेत गंज आहे का, कपलरच्या पिनांच्या मुळाशी हिरवं आहे का, एवढं टॉर्च लावून बघा. तुमचं मॉड्यूल फेब्रुवारीत बसलं, आता नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू आहे. म्हणजे त्यानं तुमच्या गाडीत अजून एकही पाऊस पाहिलेला नाही.

दुसरं, तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते लुकलुकणं. काही गाड्यांत किलोमीटरचा आकडा लुकलुकतो तेव्हा मीटर कन्सोल सांगत असतं की माझ्यातली माहिती आणि बॉडी मॉड्यूलमधली माहिती जुळत नाही. तुमच्या मॉड्यूलमध्ये अजून दुसऱ्याच गाडीचा चेसिस नंबर असण्याची शक्यता आहे. त्या गाडीत फॉग लाइट असतील, मागचा वायपर असेल, तुमच्यात नसेल, आणि मॉड्यूल त्याच हिशेबानं चालेल. कोडिंग म्हणजे एवढंच: ही गाडी कोणती, हिच्यात काय काय आहे आणि हिच्या चाब्या कोणत्या, हे नव्या मॉड्यूलला सांगणं. यात बाऊ करण्यासारखं काही नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही. ते करताना बॅटरीला चार्जर लावून ठेवावा लागतो. मध्येच व्होल्टेज पडला तर चांगलं मॉड्यूलही निकामी होऊ शकतं.

तुमची गाडी एकदा आणा, पहिली सर पडायच्या आत. तपासण्याचे पैसे तुमच्याकडूनही घेईन, पण प्रत्येक आकडा तुमच्या डोळ्यांसमोर मोजेन, आणि मॉड्यूल ठणठणीत निघालं तर तसं इथेच, तुमच्या प्रतिक्रियेखाली लिहीन. येताना दोन्ही चाब्या आणा. बऱ्याच गाड्यांत चाब्या नव्यानं शिकवताना जी हजर नसते ती बाद होते. आणि जुनं मॉड्यूल मिस्त्रीकडे अजून पडलेलं असेल तर तेही मागून घ्या. तुमच्या गाडीचं मूळ कोडिंग त्यातून वाचता येईल.