गॅरेजच्या दाराचे सेन्सर टेपनं बांधून वर ठेवू नका

गॅरेजच्या मोटरवाल्या दाराबद्दलचा एक व्हिडिओ सध्या सांगली-मिरजेतल्या ग्रुपांवर फिरतोय. दार खाली येता येता मधूनच परत वर जात असेल, तर चौकटीतले दोन्ही सेन्सर काढा, तोंडाला तोंड लावून टेप मारा आणि वर मोटरपाशी ठेवून द्या, असं त्यात छातीठोकपणे सांगितलंय. शिवाय सेन्सर म्हणजे कंपन्यांची पैसे काढायची युक्ती, कशालाही लागलं की दार आपोआप मागं फिरतंच, पुराची भीती असेल तर सेन्सर चार फुटांवर लावा, संध्याकाळी अडत असेल तर सेन्सर गेला समजा, आणि काच थिनरनं पुसा. विश्रामबागच्या माझ्या मामांनी तो मला पाठवला आणि विचारलं, "टेप मारून टाकू का रे?" त्यांची दोन वर्षांची नात दिवसभर त्याच पार्किंगमध्ये खेळते. मी हीच कामं करतो, त्यामुळं गप्प बसवेना.

आधी टेपचं. एक सेन्सर इन्फ्रारेड किरण सोडतो, समोरचा तो पकडतो. दार खाली येताना मध्ये कुणी आलं की किरण तुटतो आणि दार वर फिरतं. दोन्ही सेन्सर एकमेकांना चिकटवले की किरण कधीच तुटणार नाही. दाराखाली पोर बसलेलं असो, कुत्रं झोपलेलं असो, मोटरला वाट कायम मोकळीच दिसणार. आणि रिमोट दाबणारा माणूस बहुतेक वेळा गाडीत बसून पुढं बघत असतो. ही दुरुस्ती नव्हे, दार आंधळं करणं आहे. पंधरा सेकंदांच्या व्हिडिओत हे बिनदिक्कत सांगणाऱ्यानं दाराखालचं लेकरू एकदा तरी डोळ्यांसमोर आणायला हवं होतं.

कशाला लागलं की दार मागं फिरतं, हे अर्धं खरं आहे, मान्य. चांगल्या मोटरीत ती सोय असते. पण दार आधी आदळतं, मग फिरतं. शिवाय ते किती जोरानं आदळल्यावर फिरेल हे मोटरच्या सेटिंगवर ठरतं, आणि स्प्रिंग सैल झाली, दार जड चालायला लागलं की लोक ते सेटिंग वाढवून ठेवतात. अमेरिकेत धक्क्यानं फिरणारी दारं आधीपासून होती, तरीही दाराखाली सापडून मुलं गेली. म्हणून तिथं १९९० साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती मोटरींना आणखी एक स्वतंत्र संरक्षण सक्तीचं झालं. असा किरणांचा सेन्सर हा त्यातला सर्रास वापरला जाणारा मार्ग. कंपन्यांची युक्ती म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे.

आता चार फूट उंचीचं. २०१९ चा पूर बघितलेल्या सांगलीकराला हा मुद्दा लगेच पटतो, मलाही त्यामागची भीती कळते. पण सेन्सर जमिनीपासून सहा इंचांच्या आत लावायचा असतो, कारण रांगणारं मूल तेवढ्याच उंचीवर असतं. चार फुटांवरच्या किरणाखालून मामांची नात उभ्यानं निघून जाईल. पाणी चढायची सूचना आली की मोटरचा वीजपुरवठा बंद करा आणि सेन्सर सोडवून वर ठेवा. भिजलेच तर बदला. पुरासाठी वर्षभर उंचावर नकोत.

संध्याकाळी अडणं हे बहुतेक वेळा उन्हाचं काम. दार पश्चिमेला असेल आणि मावळतीचं ऊन थेट किरण पकडणाऱ्या सेन्सरच्या काचेत शिरत असेल, तर तो भांबावतो. दोन्ही सेन्सरांची अदलाबदल करा, म्हणजे पकडणारा सावलीकडं जाईल, किंवा त्याच्या तोंडाशी पुठ्ठ्याची छोटी नळी बसवा. नवा घ्यायची गरज नाही. थिनर तर लावूच नका, प्लॅस्टिकची काच पांढरी पडते. मऊ कोरडं फडकं बस.

मामांच्या दाराचं दुखणं याहून साधं निघालं. बऱ्याच कंपन्यांच्या सेन्सरांत सोडणाऱ्याचा दिवा पिवळा आणि पकडणाऱ्याचा हिरवा असतो. त्यांचा पिवळा व्यवस्थित होता, हिरवा लुकलुकत होता. स्कूटरचं चाक लागून पत्र्याचा क्लॅम्प किंचित वाकला होता आणि काचेवर कोळिष्टक. क्लॅम्प सरळ केला, नट सैल करून सेन्सर बोटांनी हळूहळू फिरवला, हिरवा स्थिर झाला तिथं आवळला. दिवे अजिबात लागत नसतील, तर उंदरानं वायर कुरतडलीय का, पिनेखाली ती चेपलीय का, ते बघा.

भिंतीवरचं बटण दाबून धरलं तर दार बंद होतं, हेही व्हिडिओत आहे आणि ते खरं आहे. बऱ्याच मोटरींत ती सोय मुद्दाम ठेवलेली असते, कारण बटण धरणारा दाराकडं बघत उभा असतो. दुरुस्ती होईपर्यंत तेवढंच वापरा.

ज्यांनी टेप मारलीय त्यांनी आज सेन्सर जागेवर लावावेत आणि तोवर रिमोटला हात लावू नये. लावल्यावर दार खाली येत असताना बाजूला उभं राहून झाडू आडवा धरा, दार वर गेलं पाहिजे. मग जमिनीवर दीड इंच जाडीची फळी आडवी टाका, तिला टेकूनही ते फिरलं पाहिजे. दोन्ही तपासण्या महिन्यातून एकदा करा. यातली एकही फसली, तर मोटर बंद ठेवून कामाचा माणूस बोलवा.