दोन-दहाचा हात

हात अजून ठणकतोय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माझ्या अंगठ्याला बोल लावा.

भाचीच्या लग्नासाठी हिरव्या बांगड्या भरायच्या म्हणून शनिवारी संध्याकाळी ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात गेले. कासारमामांसमोरच्या स्टुलावर बसून ऐटीत म्हणाले, "दोन-सहा." मामांनी हात हातात घेतला, अंगठ्याच्या बुडाशी दाबून पाहिला आणि पोऱ्याला अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "दोन-दहा काढ रे!"

दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर सहा सोळांश. दोन-दहा म्हणजे अडीच इंचांच्याही पुढे. मी अकाउंट्समध्ये आहे. आमच्याकडे २.१० हे २.६ पेक्षा लहान असतं. कासाराकडे ही आकडेमोड चालत नाही.

"लग्नात दोन-चार घातल्या होत्या हो मी!" इथेच चुकलं.

शेजारच्या स्टुलावर मांडीवर कोथिंबिरीची पिशवी घेऊन एक काकू बसल्या होत्या. त्यांना बांगड्या घ्यायच्याच नव्हत्या, पाय दुखले म्हणून टेकल्या होत्या.

"लग्नाला किती वर्षं झाली गं?"

"चौदा."

"मग बरोबर." त्यांनी माझा रिकामा हात उचलला आणि भरताचं वांगं पारखावं तसा उलटसुलट करून पाहिला. "सूज आहे. थायरॉईड तपासलंस?"

"नॉर्मल आहे."

"मग कणीक कोण मळतं घरी?"

"बाई येते."

"बघा मामा!"

मामांचं लक्ष नव्हतं, पण मागे उभ्या असलेल्या तिघीचौघींनी बघितलं. एकीने तर स्वतःचा हात पदराखाली घेतला.

खरं म्हणजे बांगडी मनगटाशी अडतच नाही. अडते ती बोटांच्या मुळाशी आणि अंगठ्याच्या हाडाशी, आणि हाड काही कणीक मळून बारीक होत नाही. हे अर्थात मला घरी जाताना रिक्षात सुचलं. आणखी एक सुचलं. आमच्या ह्यांचा शर्ट चौदा वर्षांत ४० चा ४४ झाला. दुकानदार गपचूप ४४ काढून देतो, वर "हा कलर साहेबांना खुलतो" म्हणतो. कणीक कोण मळतं, हे त्यांना आजवर कुणीही विचारलेलं नाही. मला मात्र भर रस्त्यात, स्टुलावर बसवून. असो. असो कसलं, रागच आला होता.

त्या रागातच मी दोन-आठवर अडून बसले. मामांनी साबणाचा हात फिरवला. "हात सैल सोडा, ताई." दोन गेल्या. तिसरीला कट्‌कन आवाज आला.

"फुटली!"

"फुटली म्हणू नये," काकू लगेच म्हणाल्या, "वाढली म्हणावं."

"हो ना, माझं आज सगळंच वाढलेलं दिसतंय."

त्या हसल्या नाहीत. शेवटी दोन-दहाच भरल्या. सुळकन गेल्या, हेही लागलंच मनाला.

उठताना सवयीने वाकून मामांना नमस्कार केला. मामा तेवढ्यात सुटे पैसे काढायला गल्ल्याकडे वळले होते. माझ्या डोक्यावर हात पडला. त्याला कोथिंबिरीचा वास येत होता.

"अखंड सौभाग्यवती भव," काकू म्हणाल्या. "आणि ते थायरॉईड परत एकदा बघून घे."