थंड डिझेल इंजिनाचा पांढरा धूर: इंजेक्टर काढण्याआधी एवढं तपासा

थंडी पडली की एक मेसेज हमखास फिरतो. सकाळी डिझेल इंजिन थरथरलं आणि पांढरा धूर आला तर इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) गेले समजा. इंजिन सुरू होतंय म्हणजे हीटर प्लग (गार इंजिन सुरू करताना सिलिंडर आतून तापवणारे) ठीक आहेत. टाकीत थोडं पेट्रोल टाका. उभ्या गाडीला दहा मिनिटं जोरात रेस द्या. हे वाचून लोक चांगले इंजेक्टर काढून देतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘इंजेक्टर गेले समजा’

डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. इंजिन गार असलं की सिलिंडरची भिंत आणि पिस्टन ती उष्णता ओढून घेतात. एखाद्या सिलिंडरमध्ये हवा पुरेशी तापली नाही, तर तिथलं डिझेल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर तो हाच. ते सिलिंडर मिस मारतं म्हणून थरथर. दोन-तीन मिनिटांत सगळं सुरळीत होत असेल तर पहिला संशय हीटर प्लग आणि त्यांच्या रिलेवर (त्यांना वीज देणाऱ्या स्विचवर) घ्यावा. गळका इंजेक्टरही असा धूर देतो, पण तो बहुधा इंजिन गरम झाल्यावरही ठोका किंवा काळा धूर दाखवतो. धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय. पांढऱ्या धुराला गोडसर वास येत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट (सिलिंडरच्या वरच्या जोडाची सील) बघा.

‘सुरू होतंय म्हणजे हीटर प्लग ठीक’

सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. माझ्या चार सिलिंडरच्या गाडीचे इंजेक्टर एका गॅरेजने याच समजुतीवर बदलले. दुसऱ्या दिवशी सकाळी धूर तसाच. मग मी प्लगांना जोडणारी पट्टी सोडली आणि प्रत्येक प्लगचं टोक व इंजिनाची बॉडी यांमध्ये मल्टिमीटर लावला. दोन प्लगांवर एक ओहमच्या आत आकडा आला, दोघांवर मीटर हललाच नाही. उरलेल्या दोन सिलिंडरांच्या जोरावर इंजिन सुरू होत होतं, एवढंच. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवरचा हीटर प्लगचा पिवळा दिवा फक्त वेळ मोजतो. प्रत्येक प्लग तापतोय की नाही हे तो सांगत नाही. शिवाय अनेक इंजिनांत सुरू झाल्यावरही प्लग काही वेळ चालू राहतात. रिले तेवढ्यात बंद पडला तर इंजिन झटक्यात सुरू होतं आणि मग धूर सोडतं. कूलंटचा सेन्सर चुकीचं तापमान दाखवत असेल तर संगणक इंजिन गरम समजून प्लग चालूच करत नाही.

मेसेजमध्ये डिझेलच्या लाइनमध्ये शिरणाऱ्या हवेचा उल्लेखच नाही. रात्रभर उभ्या गाडीत डिझेल फिल्टरची रबरी रिंग किंवा डिझेल ओढायचा हातपंप हवा घेत असेल, तर सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, इंजिन सुरू होऊन आचके देतं. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या कमी दाबाच्या लाइनमध्ये पारदर्शक नळी जोडा. बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. बॅटरी कमजोर असेल तर इंजिन हळू फिरतं आणि हवा कमी तापते, तेही आधीच बघून घ्या.

‘टाकीत पेट्रोल टाका’

कडाक्याच्या थंडीत डिझेलमध्ये मेण धरू नये म्हणून काही जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांत अशी मुभा होती, पण तिचा या धुराशी संबंध नाही. पेट्रोल दाबाने सहज पेटत नाही, त्यामुळे मिसिंग वाढेल. कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे जिथे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरांना मोठ्या दाबाचं डिझेल जातं, पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. ते पातळ झालं तर पंप आतून घासतो. त्यात पेट्रोल मिसळलेल्या टाकीला आगीचा धोका वेगळा.

‘जोरात रेस द्या’

गार ऑइल घट्ट असतं, वरपर्यंत पोचायला वेळ लागतो. तेव्हाच रेस दिली तर टर्बोचे बेअरिंग कोरडे फिरतात. अर्ध्या मिनिटाने हलक्या पायाने गाडी चालवा, इंजिन लवकर तापेल. हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगमुळे तो अवेळीच भडकतो.

प्लग, रिले, हवा, बॅटरी सगळं ठीक निघालं आणि धूर तरीही राहिला, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) मोजून घ्या. इंजेक्टरची पाळी त्यानंतर. कोणतं सिलिंडर मिस मारतंय हे बघायला जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात नळीचा नट सैल करतात. कॉमन रेलवर ते चुकूनही करू नका. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो, आणि ती धार कातडी फोडून डिझेल थेट हातात घुसवते.