आयपी ६८ चा पंखा घेतला की विषय संपतो का? जालन्याच्या वाचकांना उत्तर

दादा, नमस्कार.

समुद्रावरच्या बोटींत विजेच्या पेट्या थंड ठेवणाऱ्या पंख्यांबद्दल मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी कामाची आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. तुमचे आक्षेप तीन. मराठवाड्यात बसून समुद्रावरच्या पंख्यांविषयी बोलू नये. आयपी ६८ चा (धूळ-पाणी आत न जाण्याच्या त्या दर्जाचा) पंखा लावला की विषय संपतो. आणि जायकवाडीच्या जलाशयात एका होडीवरच्या पेटीत तुमचा साधा पंखा बिनतक्रार चालतोय, तेव्हा पाण्याचा एवढा बाऊ कशाला? शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, की रत्नागिरीच्या एका ट्रॉलरसाठी इन्व्हर्टरच्या पेट्यांची ऑर्डर तुमच्या हातात आहे. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती हीच ओळ.

पहिल्या आक्षेपाचं उत्तर तुमच्या ऑर्डरमध्येच आहे. पेटी किनाऱ्यावर चालणार, पण तिला पंख्याचं भोक पडणार ते जालन्यात, नाहीतर वाळूज-शेंद्र्यात. भोक पाडणाऱ्यालाच ही माहिती हवी.

आता जायकवाडी. नाथसागराचं पाणी गोडं आहे. त्याचा तुषार पंख्यावर पडला, वाळला, की मागे फारसं काही उरत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि लाटा फुटल्या की ते वाऱ्यावर चढतात. पंख्यावर पाण्याचा थेंबही पडला नाही तरी हवेबरोबर मीठ आत जातं आणि बसतं. पुढचा प्रकार आपल्याकडे बघायला मिळत नाही. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाझरायला लागतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलावा ओढतं. कोकणातली हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे तो थर जवळजवळ कायम ओला, आणि त्या ओलाव्यातून वीजही वाहते. तुमच्या रोलिंग मिलच्या पॅनेलमधली धूळ ब्लोअर मारला की निघते. मीठ ब्लोअरने निघत नाही.

आयपी ६८ बद्दल नीट बोलू, कारण नुकसान इथेच होतं. ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही. ८ म्हणजे सतत पाण्यात बुडवलं तरी चालेल, पण किती खोल आणि किती वेळ हे उत्पादक ठरवतो. ही चाचणी साध्या पाण्यात होते, तिच्यात मिठाचा संबंध नाही. शिवाय अशा बहुतेक पंख्यांमध्ये सील केलेलं असतं ते वायंडिंग (मोटरच्या तारांची गुंडाळी) आणि सर्किट बोर्ड, रेझिन ओतून. बेअरिंग फिरतं, त्यामुळे ते रेझिनमध्ये गाडता येत नाही. नेहमीच्या बेअरिंग स्टीलमध्ये क्रोमियम दीडेक टक्का असतं. ते खाऱ्या हवेत गंजतं. वायंडिंग शाबूत आणि बेअरिंग जाम, अशा अवस्थेत पंखा मरतो. आयपी ६८ घ्याच, पण त्याच्यावर थांबू नका. विक्रेत्याला मीठ-तुषार चाचणीचा अहवाल मागा. ती ५ टक्के मिठाच्या द्रावणाचं धुकं ३५ अंशांवर सोडून करतात. किती तास केली, पंखा तेव्हा चालू होता की बंद, आणि नंतर तो पूर्ण वेगाने फिरला का, हे तिन्ही विचारा. चाचणीच्या तासांवरून समुद्रावरची वर्षं मात्र काढू नका, तसा हिशेब बसत नाही.

पंख्याच्या खोक्यावर छापलेल्या आयुष्याचंही तसंच. एल-१० आयुष्य ६०,००० तास ४० अंशांना, असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तेवढ्या तासांत शंभरातले दहा पंखे गेलेले असतील. तापमान १० अंश वाढलं की आयुष्य ढोबळमानाने निम्मं धरतात. आणि हा आकडा स्वच्छ हवेतला.

बुश (तेलावर फिरणारी साधी नळी) की बॉल बेअरिंग? ट्रॉलरवर डबल बॉल बेअरिंगच. बोट सतत कलते, बुशमधलं तेल हळूहळू बाहेर येतं. पण बॉल बेअरिंगलाही एक धोका आहे. पंखा बंद आणि इंजिन चालू असलं की थरथरीने गोळ्या एकाच जागी आपटत राहतात, त्या ज्या कड्यावर फिरतात त्या रेसवर खड्डे पडतात आणि पुढे पंखा खरखरतो. म्हणून थर्मोस्टॅटने पंखा दिवसेंदिवस बंद ठेवू नका, कमी वेगाने फिरता ठेवा. पावसाळ्याच्या मासेमारीबंदीत बोट किनाऱ्याला असते. तेव्हा आठवड्यातून एकदा पंखा थोडा वेळ फिरवायला मालकाला सांगा, नाहीतर उभ्या-उभ्या गंजेल.

हे सगळं सांगितलं तरी माझं मुख्य म्हणणं पंख्याच्या निवडीच्या आधीचं आहे: बाहेरची हवा आत घेऊच नका. तुमचा इन्व्हर्टर १,००० वॅट आउटपुटचा आणि कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर उष्णता सुमारे ११० वॅट. रंगवलेल्या पत्र्याची बंद पेटी दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला अंदाजे साडेपाच वॅट बाहेर टाकते. एक चौरस मीटर उघडा पृष्ठभाग आणि २० अंशांचा फरक धरला की ११० वॅट निघून जातात. केबिनमध्ये ३५ असेल तर आत ५५. हे जास्त वाटत असेल तर पेटी मोठी करा, किंवा हीट सिंकच्या फिन्स (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) मागच्या बाजूने बाहेर काढा. आत एक छोटा पंखा फक्त हवा ढवळायला ठेवा. त्याला मीठ दिसतच नाही, त्यामुळे तो टिकतो. केबल ग्लँड (वायर आत जाते तिथलं घट्ट बूच) मात्र चांगले घ्या आणि पेटीच्या खालच्या बाजूने बसवा.

उलट भोक पाडलंत, तर तेवढ्याच ११० वॅटसाठी १० अंशांच्या फरकात तासाला सुमारे ३३ घनमीटर हवा लागेल, आणि त्यातल्या प्रत्येक घनमीटरबरोबर मीठ. जाळीचा फिल्टर लावलात तर तो मीठ आणि डिझेलच्या काजळीने चोंदतो, हवा कमी होते. पर्यायच नसेल तर मोठ्या मापाचा पंखा मंद वेगाने चालवा. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला स्टेनलेस स्क्रू लावणार असाल तर मध्ये नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर खाऱ्या ओलाव्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. प्लास्टिकची फ्रेम त्यापेक्षा बरी. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: पंख्याच्या रोटरमध्ये चुंबक असतो. सुकाणूजवळ चुंबकी होकायंत्र असेल तर पेटी त्याच्यापासून लांब बसवा.

तुम्ही लिहिलंय, स्वस्तातला पंखा दरवर्षी बदलला तर काय बिघडलं? छोट्या बोटीच्या मालकाचा खिसा बघता हा विचार रास्त आहे, मी त्याला विरोध करत नाही. फक्त पंखा चार स्क्रू काढून बदलता यायला हवा, एक सुटा पंखा हवाबंद पिशवीत बोटीवरच हवा, आणि पंख्याला वेगाची तिसरी वायर असावी, म्हणजे तो मंदावला की बझर वाजेल. बझर नसेल तर पंखा गेलाय हे इन्व्हर्टर बंद पडल्यावर कळतं, आणि त्याच इन्व्हर्टरवर वायरलेस असेल तर खलाशी किनाऱ्यापासून लांब मुके होतात. आपण पेटी पाठवून मोकळे होतो, बोटीवर माणसं असतात.

तुमच्या पेटीचं माप, इन्व्हर्टरचे वॅट आणि ती केबिनमध्ये बसणार की इंजिनखोलीत, एवढं खाली लिहा. पंख्याशिवाय भागतंय का, ते आधी हिशेब करून बघू. पत्रा कापायला तोवर देऊ नका.