अनुभवी क्वार्टरबॅक मार्गदर्शक म्हणून घ्यावा काय? अवश्य घ्यावा

अमेरिकी फुटबॉलच्या एखाद्या व्यावसायिक संघाची सूत्रे आपल्या हाती असतील आणि गेल्या हंगामात त्या संघाने 17 पैकी तीन-चारच सामने जिंकले असतील, तर प्रथम आपले अभिनंदन. अशा संघाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, अगदी वरचा क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकावर आपण महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला, एकवीस-बावीस वर्षांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, निवडणार हे सर्वांनी गृहीतच धरलेले असते. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की त्या मुलाला चार गोष्टी शिकवायला पस्तिशी ओलांडलेला आणि बारा संघांचे पाणी प्यायलेला एखादा अनुभवी क्वार्टरबॅकही करारबद्ध करावा काय. माझा सल्ला असा की अवश्य करावा, आणि लवकर करावा. लीगचे वेळापत्रकही त्याला अनुकूल आहे. करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा बाजार मार्चमध्ये उघडतो आणि ड्राफ्ट एप्रिलच्या अखेरीस होतो, त्यामुळे शिष्य कोण हे ठरण्याआधीच गुरूची नेमणूक उरकून टाकता येते आणि दोघांचे स्वभाव जुळतील की नाही या क्षुल्लक विवंचनेतून आपली आपोआप सुटका होते.

आपला हिशेबनीस या टप्प्यावर एक कुजकट शंका काढील. तो म्हणेल की, संघाकडे मुख्य प्रशिक्षक आहे, आक्रमणाचा समन्वयक आहे, केवळ क्वार्टरबॅकना शिकवण्यासाठी नेमलेला स्वतंत्र प्रशिक्षक आहे, आणि या सर्वांचे पगार सॅलरी कॅपच्या, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावरील मर्यादेच्या, बाहेर असतात. मार्गदर्शक म्हणून आणलेला खेळाडू मात्र कॅपमध्ये मोजला जातो आणि 53 जणांच्या पटावरील एक जागाही अडवतो. तेव्हा शिकवण्याचेच काम असेल तर त्याच माणसाला हातात शिट्टी देऊन प्रशिक्षक म्हणून का ठेवू नये? हिशेबनिसाला अशा बैठकांना बोलावू नये, हे याचे साधे उत्तर आहे. प्रशिक्षक नेमल्याची बातमी आतल्या पानावर दोन ओळींत येते. मार्गदर्शक करारबद्ध केल्यावर पत्रकार परिषद घेता येते.

उमेदवाराची निवड करताना त्याला शिकवायचे आहे का, हे चुकूनही विचारू नये. विचारले तर तो खरे सांगण्याचा धोका असतो. ग्रीन बे पॅकर्सने 2005 साली 24 व्या क्रमांकावर ॲरन रॉजर्सला निवडले तेव्हा संघाचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व होता, आणि रॉजर्सला तयार करण्याची जबाबदारी आपल्या करारात लिहिलेली नाही, हे त्याने मोकळेपणाने सांगून टाकले होते. रॉजर्सने आपल्याकडे पाहून काही उचलले तर चांगलेच, अशी औदार्याची पुरवणी सोबत जोडली होती. एकलव्याचा पुतळा निदान हलत तरी नव्हता. रॉजर्सच्या वाट्याला आलेला पुतळा निवृत्ती जाहीर करून ती मागेही घेत असे. पुढे 2019 मध्ये डेन्व्हरने जो फ्लॅकोला आणले आणि त्याच वर्षी दुसऱ्या फेरीत ड्रू लॉकला निवडले, तेव्हा फ्लॅकोनेही लॉकला घडवणे हे आपले काम नसून सामने जिंकणे हे आपले काम आहे, अशी भूमिका घेतली. त्यावर बरीच आरडाओरड झाली. मला मात्र त्या दोघांइतकी सरळ माणसे या व्यवहारात फारशी दिसली नाहीत. ज्याची नोकरी त्या मुलाच्या प्रगतीबरोबर संपणार आहे, त्याने त्या प्रगतीसाठी रात्रीचा दिवस करावा अशी अपेक्षा आपण अन्य कोणत्याही कचेरीत ठेवत नाही. इथे ती ठेवतो आणि तिला संस्कृती म्हणतो.

आता प्रत्यक्ष पुराव्याकडे वळू. त्यासाठी जेट्ससारखी प्रयोगशाळा दुसरी नाही. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना हे सांगण्याची गरज नाही, कारण नावाने न्यूयॉर्कचा असलेला हा संघ त्यांच्याच राज्यात, ईस्ट रदरफोर्डला खेळतो आणि 2010 च्या हंगामानंतर त्याने प्लेऑफचे, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचे, तोंड पाहिलेले नाही. या संघाने मार्गदर्शनाचा प्रश्न तीन वेगवेगळ्या पद्धतींनी, जवळजवळ शास्त्रीय शिस्तीने तपासला आहे.

पहिल्या प्रयोगात 2018 साली तिसऱ्या क्रमांकावर सॅम डार्नोल्डची निवड झाली आणि त्याच्या शेजारी जॉश मॅककाउनला बसवण्यात आले. मॅककाउन म्हणजे या भूमिकेसाठीच देवाने पाठवलेला माणूस: वय 39, दहाहून अधिक संघांचा अनुभव, स्वभाव गोड, आणि एका वर्षाच्या कराराची किंमत 1 कोटी डॉलर. डेट्रॉइटला झालेल्या पहिल्याच सामन्यात डार्नोल्डने कारकिर्दीतला पहिला पास फेकला, तो प्रतिस्पर्ध्याने मध्येच अडवला आणि थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे गुण मिळवून देणाऱ्या शेवटच्या रेषेपर्यंत, नेला. जेट्सनी तो सामना 48-17 असा जिंकला, त्यामुळे त्या दिवशी मार्गदर्शनाची कीर्ती चहूकडे पसरली. तीन हंगामांनंतर डार्नोल्डची कॅरोलायनाला रवानगी झाली. दुसऱ्या प्रयोगात, 2021 साली, दुसऱ्या क्रमांकावर झॅक विल्सनला निवडले आणि या वेळी कोणीही ज्येष्ठ न ठेवता हंगाम सुरू केला. विल्सनचा गुडघा दुखावल्यावर ऑक्टोबरमध्ये घाईघाईने फ्लॅकोला आणले गेले, म्हणजे विद्यार्थी आजारी पडल्यावर शिक्षकाची नेमणूक झाली. तिसऱ्या प्रयोगात मात्र जेट्सनी हात आखडला नाही. 2023 मध्ये त्यांनी चार वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवलेला खुद्द ॲरन रॉजर्स आणला, आणि विल्सनने आता त्याच्या पायाशी बसून विद्या मिळवावी असे ठरले. 11 सप्टेंबर 2023 रोजी बफेलोविरुद्ध, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, अवघ्या चौथ्या चालीत रॉजर्स खाली पाडला गेला आणि त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. विल्सनला पायाशी बसण्याऐवजी मैदानात उतरावे लागले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो डेन्व्हरला गेला.

उत्तम मार्गदर्शक होता तेव्हा जे झाले, अजिबात नव्हता तेव्हा तेच झाले, आणि सर्वश्रेष्ठ होता तेव्हाही तेच झाले. यावरून एखादा संशयी माणूस असा निष्कर्ष काढील की दोष मार्गदर्शकांत नसावा. आपण त्या वाटेला जाऊ नये, कारण ती वाट थेट मालकाच्या केबिनपर्यंत जाते.

कॅरोलायनाने तर मार्गदर्शन घाऊक प्रमाणात विकत घेऊन पाहिले. 2023 मध्ये पहिल्या क्रमांकासाठी शिकागोला ड्राफ्टमधल्या अनेक निवडी आणि एक चांगला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, देऊन त्यांनी ब्राइस यंगला मिळवले. मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइक हा स्वतः लीगमध्ये खेळलेला क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅकचा प्रशिक्षक म्हणून आपला मॅककाउन होता. शिवाय खेळाडूंमध्ये अँडी डाल्टन होता, ज्याने सिनसिनाटीत 9 हंगाम काढले होते. एका मुलाभोवती इतके ज्ञान क्वचितच गोळा झाले असेल. त्या हंगामात यंगला 62 वेळा चेंडू हातात असतानाच जमिनीवर पाडण्यात आले. समोरून दीडशे किलोचा माणूस अंगावर येत असताना डाल्टनने बाकावर बसून समजावलेला बारकावा किती आठवतो, हे यंगने कधी जाहीरपणे सांगितलेले नाही. 11 सामन्यांनंतर राइकला आणि त्याच्या पाठोपाठ मॅककाउनलाही काढण्यात आले आणि संघाने 2 विजय व 15 पराभवांवर हंगाम संपवला. 2024 मध्ये कॅरोलायनाने रॉबर्ट हंट नावाच्या गार्डशी, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढ्यात उभे राहून अंगावर येणारे लोक अडवणाऱ्या खेळाडूशी, 5 वर्षांचा 10 कोटी डॉलरचा करार केला. हे उदाहरण मी केवळ आपल्याला सावध करण्यासाठी देतो आहे. गार्डचे मोल कळणाऱ्या संघाला मार्गदर्शकाची गरज झपाट्याने कमी वाटू लागते, आणि मग पत्रकार परिषदेत सांगायला काही उरत नाही.

त्याच वर्षी दोन सामन्यांनंतर यंगला बसवून डाल्टनला उतरवले गेले, आणि लास वेगासला त्याने 319 यार्ड व 3 टचडाउनची कामगिरी करून सामना जिंकून दिला. हाच मार्गदर्शकाचा मुख्य उपयोग आहे, आणि तो कोणत्याही करारात लिहिलेला नसतो. मुलगा चाचपडू लागला की प्रेक्षक ज्येष्ठाच्या नावाचा घोष सुरू करतात, त्याला दोन सामने खेळवले की वर्तमानपत्रे थंड होतात, आणि निवड चुकली होती की त्याच्या पुढची अडवणारी फळी कच्ची होती हा विचार करायला तीन-चार आठवड्यांची सवलत मिळते. मात्र यात एक पथ्य पाळावे लागते. निवडलेला ज्येष्ठ सामने जिंकू शकेल इतका चांगला असावा, पण सलग जिंकत राहील इतका चांगला नसावा. मायामीने 2020 मध्ये हे पथ्य पाळण्यात हयगय केली. रायन फिट्झपॅट्रिकने संघाला 3 विजय व 3 पराभव अशा बरोबरीला आणले, लागोपाठ दोन सामने मोठ्या फरकाने जिंकून दिले, आणि त्याच आठवड्यात त्याला बसवून टुआ टागोवायलोआला पुढे करावे लागले. बिचारा फिट्झपॅट्रिक मन मोडल्याचे उघड बोलला. मार्गदर्शकाने मन घेऊन कामावर येऊ नये, हे करारात घालता आले तर पाहावे.

वैद्यकीय व्यवस्थेबद्दल फार लिहीत नाही. लॉस एंजेलिसच्या चार्जर्स संघात 2020 मध्ये टायरॉड टेलर हा ज्येष्ठ आणि जस्टिन हर्बर्ट हा नवखा होता. दुसऱ्या सामन्यापूर्वी संघाच्याच डॉक्टरने टेलरच्या दुखऱ्या बरगड्यांसाठी इंजेक्शन देताना त्याच्या फुप्फुसाला छिद्र पाडले, आणि सामना सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी हर्बर्टला तो खेळणार असल्याचे सांगण्यात आले. त्याने त्या दिवशी गतविजेत्या कॅन्सस सिटीविरुद्ध 311 यार्ड फेकले आणि वर्षअखेरीस आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. मार्गदर्शनाचा कालावधी किती असावा याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. हर्बर्टच्या बाबतीत तो एका सामन्याचा भरला.

कोणी आपल्याला कॅन्सस सिटीचे नाव सांगून गप्प करू पाहील. 2017 मध्ये ॲलेक्स स्मिथने नवख्या पॅट्रिक महोम्सला हातचे काही न राखता शिकवले, स्वतः त्या हंगामात लीगमधले सर्वोच्च पासर रेटिंग, म्हणजे पास फेकण्याच्या कामगिरीचे गुणांकन, मिळवले, आणि महोम्स पुढच्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे सर्व खरे आहे. स्मिथला त्याबद्दल मिळालेली गुरुदक्षिणाही तितकीच खरी आहे: हंगाम संपताच त्याला वॉशिंग्टनला देऊन टाकण्यात आले. महोम्सला प्रशिक्षक म्हणून अँडी रीड लाभला होता आणि पास फेकणारा हात खुद्द महोम्सचा होता, या दोन बाबी मात्र यशोगाथा सांगताना शक्यतो गाळाव्यात, कारण त्या मार्चमध्ये बाजारात मिळत नाहीत.

शेवटी मिनेसोटाचा विषय निघणारच, म्हणून तोही हातावेगळा करू. त्यांनी 2024 मध्ये दहाव्या क्रमांकावर जे. जे. मॅकार्थीला निवडले, आणि तो तयार होईपर्यंत जागा सांभाळायला एका वर्षासाठी 1 कोटी डॉलर देऊन आधीच एक ज्येष्ठ आणून ठेवला होता. त्या ज्येष्ठाचे नाव सॅम डार्नोल्ड, वय 27. म्हणजे सहा वर्षांपूर्वी ज्या रकमेत त्याच्यासाठी मार्गदर्शक विकत घेतला गेला होता, त्याच रकमेत आता तो स्वतः दुसऱ्यासाठी विकत घेतला गेला. मॅकार्थीचा गुडघा हंगामाआधीच जायबंदी झाला, डार्नोल्ड सर्व 17 सामने खेळला आणि त्यांपैकी 14 जिंकला. त्याला तिथे शिकवणारा क्वार्टरबॅक प्रशिक्षक होता जॉश मॅककाउन, हातात शिट्टी घेतलेला, पगार सॅलरी कॅपच्या बाहेर. हिशेबनिसाने ही गोष्ट ऐकली तर तो दिवसभर हसत बसेल, म्हणून त्याच्यासमोर बोलू नये. मिनेसोटाने त्यानंतर डार्नोल्डला जाऊ दिले, सिएटलने त्याच्याशी 3 वर्षांसाठी 10 कोटी 5 लाख डॉलरचा करार केला, आणि मॅकार्थीच्या हाती संघ सोपवण्यात आला. तेव्हा आपण या एप्रिलमध्ये जो मुलगा निवडाल, त्याला सोडताना त्याचा फोन नंबर तेवढा लिहून ठेवावा. पाच-सहा वर्षांनी आपल्याला पुन्हा वरचा क्रमांक मिळेल, पुन्हा एक मुलगा येईल आणि त्याला कोणीतरी अनुभवी माणूस लागेल. तो तेव्हा परवडेल याची हमी मात्र मी घेत नाही.