अकरा पॉइंट चारची सकाळ

मोटरहोममध्ये दोन बॅटऱ्या असतात, हे नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या गल्लीला समजावून सांगण्यात माझा बराचसा उन्हाळा खर्ची पडला. एक इंजिनाची, गाडी सुरू करून दिली की तिचे काम संपले. दुसरी हाऊस बॅटरी. गाडी उभी असताना फ्रिज, छताचा पंखा, दिवे, नळाचा पंप आणि मिक्सरसाठी बसवलेला इन्व्हर्टर असा आतला सगळा संसार तिच्या जिवावर चालतो. पहिली बिघडली तर गाडी ढकलायला चार माणसे धावून येतात. दुसरी बिघडली तर तीच चार माणसे मत द्यायला येतात.

आमची दुसरी बिघडली होती. संध्याकाळी चार्जर काढताना मीटर १२.७ व्होल्ट दाखवी आणि सकाळी ११.४. लेड-ॲसिड बॅटरी काही तास विसावल्यावर १२.६ च्या आसपास असेल तर भरलेली समजावी, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि ११.४ म्हणजे तिच्याकडे काही मागू नये. मागणारा मात्र होता. आमचा कंप्रेसरचा फ्रिज बॅटरी वाचावी म्हणून व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेले की आपणहून बंद पडतो, आणि ही कर्तव्यबुद्धी त्याला नेमकी मध्यरात्रीनंतर सुचत असल्यामुळे बॅटरी वाचे आणि दूध नासे. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, पारा पंचेचाळिशीच्या वर असताना, नासलेल्या दुधाचे पातेले समोर ठेवून पेंचच्या जंगलाच्या सहलीचे बेत पुढे नेणे हे आमच्या घरात कोणालाही जमण्यासारखे नव्हते.

पहिले निदान शेजारच्या काकांनी केले. ते आयुष्यभर विजेच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले असल्यामुळे, वीज कुठेही कमी पडली की चोरी झाली असे समजूनच ते तपासाला सुरुवात करतात. "रात्री कोणी आकडा तर टाकत नाही ना?" असे त्यांनी मला गंभीरपणे विचारले. बारा व्होल्टांवर आकडा टाकून चोराला काय मिळणार, हा माझा प्रश्न त्यांना बालिश वाटला. मग त्यांनी घरातून आपला क्लॅम्प मीटर आणला, त्याचा चिमटा बॅटरीच्या जाड केबलीभोवती लावला आणि आकडा वाचून जाहीर केले, "शून्य! तुझी गाडी काहीही ओढत नाही." त्या क्षणी आत फ्रिज घरघरत होता, पंखा फिरत होता आणि चार दिवे लागलेले होते. काकांचा मीटर फक्त एसी, म्हणजे घरातल्या वायरींतला उलटसुलट वाहणारा प्रवाह, मोजणारा होता. बॅटरीतून एकाच दिशेने वाहणारा डीसी प्रवाह मोजायला वेगळा क्लॅम्प लागतो, नाहीतर केबल तापून लाल झाली तरी काटा शून्यावरच बसून राहतो. परंतु तीस वर्षे साहेब म्हणून वावरलेल्या माणसाला, दुपारी दोनच्या उन्हात, स्वतःच्याच मीटरविषयी हे सांगण्याचे धैर्य गल्लीत कोणाकडेही नव्हते.

आत्याचा संशय गॅस गळतीची सूचना देणाऱ्या यंत्रावर होता, कारण त्याचा हिरवा दिवा रात्रभर लुकलुकतो आणि "जे झोपत नाही ते खातंच" असे तिचे स्वच्छ मत आहे. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे. पण ते यंत्र जेमतेम ०.१ अँपिअर खाते, म्हणजे दहा तासांच्या रात्रीत एक अँपिअर-तास. आणि स्वयंपाकाचा गॅस असलेल्या गाडीत ते बंद करून झोपणे हा काटकसरीचा फार महाग प्रकार आहे.

मीटर मालिकेत जोडून प्रवाह मोजण्याचा शास्त्रशुद्ध प्रयोगही झाला. बॅटरीची ऋण केबल सोडवून मधे मल्टिमीटर बसवला, सगळे बंद केले, आकडा स्थिरावू लागला, आणि तेवढ्यात पुतण्याने आंबा खाल्लेले हात धुवायला आतला नळ सोडला. पंप सुरू होताना जो झटका घेतो तो मीटरमधल्या दहा अँपिअरच्या फ्यूजला मानवला नाही. त्यानंतर काही काळ आमचाही मीटर काकांच्या मीटरशी सहमत होता.

शेवटी वाडी उपनगरातून ट्रकांची वायरिंग करणाऱ्या मिस्त्रीला बोलावले. त्याच्याकडे मीटर नव्हता; दोन वायरी लावलेला एक साधा बल्ब होता, आणि इतक्या दिवसांत पाहिलेले सर्वांत विश्वासार्ह उपकरण मला तेच वाटले. ऋण केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये त्याने तो बल्ब धरला. सगळे बंद असताना बल्ब विझलेला राहायला हवा; तो मंद पिवळा पेटला. मिस्त्री एकेक फ्यूज उपसत गेला. स्टिरिओचा काढला, बल्ब तसाच. दिव्यांचा काढला, तसाच. इन्व्हर्टरचा काढला आणि बल्ब विझला. "हा पाहा, हा ओढून राहिला," असे म्हणून त्याने चहा मागवला. इन्व्हर्टरला काहीही जोडलेले नसले तरी तो नुसता जागा राहण्यासाठी अँपिअरभर घेत होता. काकांचे डोळे चमकले. चोर सापडला होता, आणि तोही घरातलाच.

इथे समाधान मानता आले असते, परंतु कागदावर मांडलेला हिशेब मानेना. फ्रिज चालू असताना साडेचार अँपिअर घेतो. उन्हाळ्यात दहा तासांतले सात तास चालतो असे धरले तरी तीस-बत्तीस अँपिअर-तास. पंख्याचे बारा, इन्व्हर्टरचे दहा-अकरा, गॅसच्या यंत्राचा एक. सगळी बेरीज पंचावन्नच्या घरात. बॅटरीवर छापलेले होते १५०. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवू नये हा दंडक पाळला, तरी पंचाहत्तर हाताशी राहतात. म्हणजे सर्व आरोपींनी एकत्र येऊन चोरी केली असती तरीही सकाळी बॅटरी निम्म्याच्या वरच सापडायला हवी होती. इन्व्हर्टर बंद ठेवून रात्र काढली, तर सकाळचा आकडा ११.५ आला. एका दशांशासाठी एवढा चहा पाजल्याचे मला वाईट वाटले नाही, पण मिस्त्रीला वाटले असावे, कारण दुसऱ्या दिवशी तो न बोलावता हायड्रोमीटर घेऊन आला.

हायड्रोमीटर ही काचेची पिचकारी असते. बॅटरीचे झाकण फिरवून आतले आम्ल ओढायचे आणि तरंगती नळी कुठवर बुडते ते पाहायचे. भरलेल्या घरात, म्हणजे बॅटरीच्या कप्प्यात, आम्लाच्या घनतेचा आकडा १.२५० च्या आसपास येतो. मिस्त्रीने पहिले झाकण उघडले: १.२५०. दुसरे, तिसरे, चौथे, पाचवे, सगळी तशीच. "भाऊ, बॅटरी एकदम मस्त हाय," असे म्हणून तो पिचकारी धुवायला लागला.

बारा व्होल्टांच्या बॅटरीला घरे सहा असतात. सहावे दिसत नव्हते, कारण पलंगाची फळी पेलणारा लोखंडी अँगल नेमका त्याच्या झाकणावर बसवलेला होता. ते पाहायचे तर बॅटरी बाहेर काढणे भाग होते, आणि ट्यूब्युलर बॅटरी आम्लासकट पन्नास किलोंहून जड भरत असल्यामुळे मत द्यायला जमलेल्या चारही माणसांना प्रथमच प्रत्यक्ष योगदान करण्याची संधी मिळाली. सहावे झाकण उघडले. आत पिचकारी घातली तर हवा आली. पाण्याची पातळी केव्हाच प्लेटांच्या खाली गेलेली होती आणि वरच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. गाडी बांधली त्या दिवसापासून डिस्टिल्ड वॉटर पाच घरांना मिळत आले होते आणि सहाव्याच्या वाट्याला फक्त नागपूरचा उन्हाळा. चार्जर काढताक्षणी वरवरच्या विद्युतभारामुळे सहाही घरे ठणठणीत दिसत. रात्री फ्रिज लागला की सहावे अंग टाकी आणि उरलेल्या पाचांना खाली ओढी.

बॅटरीच्या दुकानात वॉरंटीचा विषय काढला, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने सहाव्या घरात डोकावून पाहिले आणि ग्राहकाने पाणी न घातल्यास वॉरंटी लागू नाही, असे कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेले कलम मोठ्याने वाचून दाखवले. मग मी गाडीचे आतले काम करणाऱ्या कारागिराला फोन लावला, आणि बॅटरीच्या झाकणावर अँगल ठोकताना आपल्या मनात काय होते, असे शक्य तितक्या सभ्य शब्दांत विचारले. तो बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "असं कसं म्हणता जी? पाच झाकणं तं उघडत होती ना!"