गुणिले पंचवीस

मी पंचेचाळीसला नोकरी सोडणार आहे. आता तेहतीस चालू आहे म्हणजे बारा वर्षं राहिली, पगार जळगावच्या मानाने बरा आहे, म्युच्युअल फंडाची सिप चालू आहे, पीपीएफ चालू आहे, सगळं एक्सेलमध्ये रंगीत रकान्यांत मांडून ठेवलंय. अडचण एकच, मी खान्देशात राहतो आणि मला नातेवाईक आहेत.

या प्रकरणाच्या मुळाशी विल्यम बेंगेन नावाचा एक अमेरिकन सल्लागार आहे. त्याने १९९४ मध्ये तिकडच्या शेअर-बाँडचे जुने आकडे चाळून सांगितलं की जमवलेल्या रकमेतले पहिल्या वर्षी चार टक्के काढा, मग दरवर्षी महागाईएवढे वाढवत न्या, तीस वर्षं पैसे पुरतात. हेच उलटं केलं की वर्षाचा खर्च गुणिले पंचवीस, एवढे जमवायचे. आता मला तीस नाही, चाळीसेक वर्षं काढायचीत, आणि आपल्याकडची महागाई तिकडच्यापेक्षा तिखट, त्यामुळे इथले शहाणे लोक तीस-तेहतीसने गुणा म्हणतात, पण तेवढ्याने गुणलं की एक्सेल थेट सत्तावन्न वय दाखवतं, आणि अठ्ठावन्नला तर सरकार स्वतःच घरी पाठवतं, मग एवढा खटाटोप कशाला. म्हणून मी पंचवीसवर थांबलो. महिन्याचा खर्च ४५ हजार, वर्षाचा ५ लाख ४० हजार, गुणिले पंचवीस १ कोटी ३५ लाख. सहा टक्के महागाई धरली तर बहात्तरच्या नियमाने बहात्तर भागिले सहा, म्हणजे बारा वर्षांत खर्च डबल, म्हणजे २ कोटी ७० लाख. बारा वर्षांत पगार डबल होतो का, याचा नियम कुणी काढलेला नाही.

अप्पांना हे सगळं एकदा समजावून सांगितलं. अप्पा झेडपीचे मास्तर, अठ्ठावन्नला सन्मानाने निवृत्त, जुनी पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जी मिळत नाही आणि जिच्यासाठी लोक मोर्चे काढतात, ती. त्यांनी चष्मा पुसत शांतपणे विचारलं, "पेन्शन किती बसेल मग?"

म्हटलं पेन्शन नाही अप्पा, आपली आपणच आपल्याला द्यायची.

"आणि महागाई भत्ता कोण वाढवणार?"

आता बघा, बेंगेनने एवढे आकडे चाळले ते ह्याच प्रश्नासाठी, आणि अप्पांनी तो चहा निवायच्या आत विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी चार्ट दाखवला.

पण खरा त्रास गुणाकाराचा आहे. एकदा हा पंचवीस डोक्यात बसला की सुटत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळतो, कूलर नुसती गरम वाफ फेकतो, एसी लावावाच लागतो, चार महिने तीन-तीन हजार जादा बिल म्हणजे १२ हजार, गुणिले पंचवीस ३ लाख. मी रात्री दोनला उठून एसी बंद करतो आणि बायको अडीचला उठून चालू करते. लग्नसराईत आहेर, टॉवेल-टोपी, गाडीभाडं मिळून वर्षाला ३० हजार कुठे जात नाहीत, म्हणजे साडेसात लाख मी लोकांच्या हळदीत वरण-बट्टी खाण्यासाठी बाजूला ठेवायचे. (बट्टीवर तूप सोडतात ते बघितलं की साडेसात लाख ठीक वाटतात, ते वेगळं.) मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला दोघी बहिणी माहेरी येणार, झोका बांधला जाणार, साड्या होणार. दोन साड्यांचे पाच हजार. मी नुसतं पुटपुटलो, "सव्वा लाख." बायको म्हणाली, "अहो, सांगू का ताईंना? म्हणजे त्या तरी जपून नेसतील."

आईचा प्रश्न सोन्याचा. जळगावात राहून पोरगा सोनं घेत नाही ही तिच्या लेखी बदनामीच आहे, समोरच्या काकू तर सराफ बाजारात भाजी आणायला जावं तशा जाऊन येतात. मी तिला सोन्याचे सरकारी रोखे समजावले, २०१५ च्या नोव्हेंबरात पहिले निघाले तेव्हा ग्रॅमला २६८४ रुपये होते, २०२३ मध्ये ६१३२ रुपयांनी परत दिले, मधली आठ वर्षं व्याज वेगळं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"घडणावळ किती लागली?"

"काहीच नाही."

"मग असंच असेल काहीतरी," म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली. २०२४ च्या फेब्रुवारीनंतर सरकारने नवीन रोखे काढलेच नाहीत. आई म्हणते, घडणावळ घेत नव्हते, परवडणार कसं.

मामा अमळनेरचे. हिवाळ्यात त्यांच्या शेतात भरीत पार्टी असते. पऱ्हाटीचा जाळ करायचा, त्यात बामणोदची हिरवी वांगी टाकायची, साल काळी पडून तडकली की आतलं पाणी चर्रकन आगीत गळतं, मग देठाला धरून साल ओढायची, बोटं भाजतात पण थांबलं तर साल चिकटते, आणि मग बडजीत लसूण-मिरचीसोबत ठेचत बसायचं. तिथे ठेचता ठेचता मामांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे भो, नोकरी गई का तुन्ही?"

गेली नाही मामा, सोडणारे, बारा वर्षांनी.

"मंग काय करशी?"

काहीच नाही करणार, तेच तर आहे ना त्यात.

यावर सगळे जरा गप्प झाले, जाळ तेवढा तडतडत होता, मग कुणीतरी धीर द्यावा तसं म्हणालं, "प्लॉट लई ले." आमच्याकडे ताप, घटस्फोट आणि बेकारी या तिन्हींवर प्लॉट हेच औषध आहे.

अमळनेरच्या माणसासमोर गुंतवणुकीवर बोलणं तसंही अवघडच. २९ डिसेंबर १९४५ ला मोहम्मद प्रेमजींनी तिथे वनस्पती तुपाची कंपनी काढली, गावातल्या लोकांनी तिचे शेअर घेतले, पुढे तीच विप्रो झाली, बोनसवर बोनस मिळत गेले आणि ज्यांनी कागद पेटीच्या तळाशी ठेवून दिले ते काही न करता कोट्यधीश झाले. म्हणजे काहीच न करणं तिथे आधीपासून चालतं, फक्त ते शेअरच्या बाबतीत, नोकरीच्या नाही. आमच्या आजोबांकडेही थोडे होते. ते त्यांनी १९८८ साली विकले, आईच्या लग्नात. त्या लग्नातून मी झालो, त्यामुळे हिशोबाने बघितलं तर मीच तो रिटर्न. मामा आजही कधी कधी जेवता जेवता माझ्याकडे एकटक बघतात आणि सुस्कारा टाकून भाकरी मोडतात.

त्या पार्टीत बोलता बोलता माझ्या तोंडून इमर्जन्सी फंड निघालं. सहा महिन्यांचा खर्च वेगळा एफडीत ठेवायचा, २ लाख ७० हजार, हात लावायचा नाही, नोकरी गेली किंवा दवाखाना लागला तरच. मामांना एवढंच ऐकू आलं की याच्याकडे पावणेतीन लाख पडून आहेत. चोपड्याकडच्या आमच्या गावी ही बातमी माझ्याआधी पोचली. मे महिन्यात चुलतभावाचा फोन, मोटर जळाली, वायंडिंगवाला म्हणतो नवीनच घ्या, केळी उभी आहे, दोन दिवस पाणी चुकलं तर बाग बसेल. आणि मग, "तुझ्याकडे त्याच्यासाठीच ठेवलेले आहेत ना?" आता याला नाही कसं म्हणणार, शब्दशः इमर्जन्सीच होती, फक्त माझी नव्हती. एफडी मोडली, बँकेने दंड कापला. चाळीस हजार गेले. रकाना लाल झाला.

पैसे परत यायला केळीचा भाव यायला हवा होता आणि तो काही आला नाही. होळीनंतर एक दिवस सकाळी दारात छोटा हत्ती उभा. चुलतभाऊ उतरला आणि दादरचे, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीचे, चार कट्टे ओट्यावर टाकले. "बाकीचं पुढच्या साली," म्हणाला, पाणी प्यायला आणि गेला. मी दिवसभर एक्सेल उघडून बसलो होतो, इक्विटी, डेट (म्हणजे कर्जाऊ दिलेले), गोल्ड, कॅश असे चारच रकाने आहेत, दादर कशात टाकायची? परत येणं बाकी आहे म्हणून डेट म्हणावं तर ह्याची भाकरी होणार. शेवटी बायकोने स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, वर्षभर ज्वारी विकत आणायची नाही, तेवढा किराणा कमी धरा."

हे मला सुचलं नव्हतं. किराण्यातून ज्वारीचे सहा हजार काढले, गुणिले पंचवीस, दीड लाख. टार्गेट दीड लाखाने खाली आलं. मी लगेच चुलतभावाला फोन लावून विचारलं, दुसरी मोटर कशी आहे.